यंदाची भाकर

आपलं गाव, पोस्ट सौंदड
६ मार्च २०२५

प्रिय तुलसामावशी,

ख्रिस्तात सलाम. फोनच केला असता, पण कानातलं मशीन तू डब्यात ठेवतेस आणि डबा कपाटात. मागच्या खेपेला मी ओरडून ओरडून बोलले तेव्हा आमच्या घरचं सगळं शेजाऱ्यांना कळलं आणि तुला काहीच कळलं नाही. म्हणून पत्र. निवांत बसून वाच, दोनदा वाच.

कालपासून ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला. उपासना संपल्यावर भुपेंद्र पास्टर उभे राहिले आणि म्हणाले, यंदा पवित्र गुरुवारच्या प्रभुभोजनाची भाकर रुचीबाई करतील. एवढं बोलून ते खाली बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशी, मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून ती भाकर मी करते. आपल्या धानाच्या मुलखात गहू कोण खातं रोज? तरी मी वर्षभर डब्यात निवडलेला गहू राखून ठेवते, फक्त त्या दिवसासाठी. ना मीठ, ना तेल, नुसती कणीक आणि पाणी, मंद आचेवर. तूच शिकवलंस. आणि मग पास्टरांनी ती मोडायची आणि जिने केली तिने ताट घेऊन बायकांच्या रांगेतून फिरायचं, ही आमच्या मंडळीची रीत. ते ताट यंदा रुचीच्या हातात असणार.

ही रुची कोण, ते सांगते. भाताच्या गिरणीत काम करतो त्या ओमेशची बायको. डोंगरगडकडची, छत्तीसगडी बोलते. दोन वर्षांपूर्वी गावात आली. गाते बरं, ढोलकही वाजवते, आणि बायका तिच्याभोवती अशा गोळा होतात की विचारू नको. मूलबाळ अजून नाही. ज्याच्या-त्याच्या लेकराला उचलून घेते आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. आजवर दुखणाईत माणसासाठी मला बोलवायचे. आता आधी तिला बोलवतात, मला नंतर निरोप येतो.

तुला वाटेल मला हेवा वाटतो. तसं काही नाही. तुला माहीत आहे की मला आत्म्यांची पारख दिलेली आहे. प्रत्येक गावावर एक अदृश्य अधिपती बसलेला असतो आणि तोच त्या गावाची चालरीत ठरवतो, हे मी आज म्हणत नाही. आपल्या गावावर दारूचा होता. आम्ही बायका शिवेवरून प्रार्थना करत फिरलो तेव्हा कुठे तो सैल झाला. आता लग्नात डीजे वाजतो, पोरी मोबाईलसमोर नाचतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. हे वारं कुठून आलं? मी मनाशी हिशेब केला तर ते दोन वर्षांतलंच निघालं. मला वाटतं, तिच्यासोबत काहीतरी आलं आहे. मिरवण्याचा आत्मा म्हण हवं तर.

पास्टर तुझा शब्द खाली पडू देत नाहीत. त्यांना एक चिठ्ठी लिही. भाकरीचं तेवढं बघ. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, माझ्यासाठी एवढं करशीलच.

तुझी,
प्रेमिला


गोंदिया
१२ मार्च २०२५

प्रिय प्रेमिलास,

सलाम. पत्र दोनदा वाचलं, तू सांगितलंस म्हणून. पहिल्यांदा वाचतानाच सगळं कळलं होतं.

मी पास्टरांना चिठ्ठी लिहिणार नाही. मंडळीची भाकर कोणी करायची हे मंडळीने ठरवावं. तुझ्या हातची भाकर चांगली असते, त्यात शंका नाही, पण ती येशूची आहे, तुझी नाही.

आता तुझ्या अधिपतींबद्दल. मी न दिसणाऱ्या गोष्टी मानत नाही असं समजू नको. आयुष्य मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, तिथे डॉक्टरांनी सांगितलेलं आणि डॉक्टरांना न कळलेलं दोन्ही बघितलं. पौल म्हणतो की आपलं झगडणं रक्तमांसाच्या माणसाशी नाही, आणि ते मी अक्षरशः मानते. पण त्याचा अर्थ तू उलटा लावतेस. माणसाशी झगडायचं नाही असं तो सांगतो, आणि तू नेमकं एक माणूस शोधून काढलंस. तेही सगळ्या गावात सर्वांत नवीन आणि परक्या मुलखातलं.

एकदा आमच्या वॉर्डात एक बाई सकाळी म्हणाली की डाळीला वास येतो. डाळ ताजी होती, मीच चाखली होती. दुपारपर्यंत अख्खा वॉर्ड जेवला नाही आणि संध्याकाळी दोघींना खरोखर उलट्या झाल्या. मी त्या दिवशी ठरवलं की सैतानाला शिंगं वगैरे लागत नाहीत, त्याला एक तोंड लागतं. समाजाची हवा बिघडते ती अशी. वरून काही पडत नाही. आपण बोलतो, दुसरा ऐकतो, आणि दोघांच्या मधोमध ते उभं राहतं.

आमच्या शेजारच्या भाभी शिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला जाऊन आल्या. माझ्यासाठी केळी आणि दूध घेऊन आल्या, आणि माझे डोळे दुखतात म्हणून भांडीसुद्धा घासून गेल्या. त्यांच्यावर कोणता अधिपती आहे ते मी विचारलं नाही.

तर आता सरळ सांग. हेवा वाटतो का? वाटत असेल तर वाटतो म्हण. मी काही तुला टाकून देणार नाही. बस, एवढंच.

तुझी मावशी,
तुलसा


आपलं गाव, पोस्ट सौंदड
२० मार्च २०२५

प्रिय मावशी,

तू माझी बाजू घेणार नाहीस हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी लिहिते.

हेवा नाही. काळजी आहे. होळीच्या दिवशी आमच्या वाडीत डीजे इतका वाजला की गोठ्यातल्या म्हशीने दूध दिलं नाही. मंडळीतली दोन पोरं नाचायला गेली. विचारलं तर म्हणाली, रुचीवहिनी म्हणते की आनंद करायला देवाची मनाई नाही. म्हणजे माझं अनुमान खरं की नाही? मी इतकी वर्षं त्या पोरांना रविवारी गोष्टी सांगितल्या, आणि त्यांना आठवते ती वहिनी.

आता तू म्हणशील, मुद्द्यावर ये. बुधवारच्या महिला प्रार्थनेत ती गायला लागली. डोळे मिटून, ढोलकावर हळू हळू थाप देत. मी म्हणणार नाही की वाईट गाते. आमच्या मंडळीतली धुरपता रडायला लागली, तिच्या मागे सगळ्याच रडायला लागल्या. मी एकटी कोरड्या डोळ्यांनी बसले होते आणि मला आतून असं होत होतं की कोणीतरी माझ्या घरात येऊन माझ्याच पाटावर बसलं आहे. मग माझी पाळी आली. मीही प्रार्थना केली. आपल्या मंडळीत जे काही परकं शिरलं असेल ते प्रभूने काढून टाकावं, इतपत. मोघमच केली. रुची त्यानंतर ढोलक उचलून घरी गेली.

धुरपताच्या नातवाला ताप आहे, तीन-चार दिवस झाले. चढतो, उतरतो, परत चढतो. त्याच्यासाठी प्रार्थना कर. रुचीने त्याला मागच्या आठवड्यात पुष्कळ वेळ मांडीवर घेतलं होतं, असं धुरपता आता सांगते. मी त्यावर काही बोलले नाही.

मोहाची फुलं पडायला लागली आहेत. आमचे हे पहाटेच टोपली घेऊन जातात आणि मला घरी ठेवतात, कारण त्यांच्या मते मी हल्ली झाडाखालीसुद्धा भांडते.

तुझी,
प्रेमिला


गोंदिया
२७ मार्च २०२५

प्रिय प्रेमिलास,

सलाम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला बसले होते, चांगलं झोडपायचं म्हणून. पण मधेच अशी गोष्ट घडली की माझा राग निघून गेला, आणि तुझाही जाईल.

मंगळवारी दुपारी दारात एक पोरगी उभी. हातात दुधी भोपळा आणि पिशवीत सुकवलेली मोहफुलं. मला वाटलं विकायला आली. ती वाकून पाया पडली आणि माझ्या कानाशी तोंड आणून हळू पण स्पष्ट बोलली. मशीन नसतानाही मला तिचं सगळं ऐकू आलं, असं क्वचित होतं. ती तुमची रुची. ओमेशच्या औषधासाठी गोंदियाला आली होती आणि माझा पत्ता पास्टरांकडून घेतला होता.

म्हणाली, मावशी, मला भाकर शिकवा. प्रेमिलाकाकी करतात तशीच व्हायला हवी, लोकांना वेगळी लागायला नको. मी म्हटलं, अगं, तिलाच विचार की, चार घरं सोडून राहते. तर मान खाली घालून म्हणते, "काकी मले बोलत नाही." पास्टरांना तिने आधी नाही म्हटलं होतं बरं का. तुझ्या गुडघ्याचं दुखणं आहे, तुला ओट्यासमोर उभं राहवत नाही, म्हणून यंदा तुला विसावा द्यावा, असं त्यांनी तिला सांगितलं. त्यांनी तुला हे का सांगितलं नाही, देव जाणे. पुरुषांना वाटतं, न सांगितलं की काम सोपं होतं.

मग काय, दुपारभर आम्ही दोघी चुलीशी. हात चांगला आहे तिचा. पहिली वातड झाली, दुसरी जळली, तिसरी मला माझ्याच हातची वाटली. तिच्याकडे धड तवा नाही हे कळल्यावर मी माझा जुना बिडाचा तवा तिला दिला. माझे हात आता तो पेलत नाहीत. जाताना गाडीपर्यंत छातीशी धरून नेला तिने.

बघ, तू उगाच मनाला लावून घेत होतीस. आता जा आणि तिच्याशी बोल. धुरपताच्या नातवाला तपासून आणलं का? चढ-उतार असलेला ताप म्हणजे आपल्याकडे मलेरियाच आधी बघायचा. प्रार्थना मी करतेच आहे, पण रक्त तपासायला लावा.

तुझी मावशी,
तुलसा


आपलं गाव, पोस्ट सौंदड
१ एप्रिल २०२५

मावशी,

तवा पोचला. तिने बस थांब्यापासून घरापर्यंत तो हातात धरून आणला आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं की तुलसामावशीने दिला.

माझ्या लग्नात मी तुझ्याकडे तोच तवा मागितला होता. तू म्हणालीस, मी मेल्यावर ने. मी पुन्हा कधी मागितला नाही, पण माझाच आहे असं धरून चालले होते. तुला मुलगी नाही, मला आई नाही, म्हणून मला वाटलं होतं की तो दुसऱ्या कोणाचा होऊच शकत नाही. तिने एक भोपळा आणला आणि घेऊन गेली.

तू विचारलं होतंस ना, सरळ सांग म्हणून. आता सांगते. हो, हेवा वाटतो. इतका वाटतो की घास गिळवत नाही. ती गाते तेव्हा वाटतो, ती दिसते तेव्हा वाटतो, आणि आता तुझ्या चुलीशी ती बसली होती हे आठवलं की रात्री उठून बसते. झालं तुझं समाधान?

आणि त्या बुधवारी मी मोघम प्रार्थना केली नव्हती. तिचं नाव घेऊन केली. रुचीसोबत या गावात जे आलं आहे ते उघडं कर, असं मोठ्याने म्हणाले, सगळ्यांसमोर, ती बसलेली असताना.

आता मला पत्र लिहू नको. तिलाच लिही.

प्रेमिला


गोंदिया
५ एप्रिल २०२५

प्रेमिला,

तू नको म्हटलंस तरी लिहिते. तव्याची चूक माझी. मला आठवायला हवं होतं आणि मला आठवलं नाही, म्हातारपणात असं होतं. त्यासाठी माझ्याशी जन्मभर भांड. पण आधी हे वाच.

नाव घेऊन म्हणालीस? सगळ्यांसमोर? आणि धुरपताचा नातू तापाने फणफणलेला असताना?

तू आत्मा म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात पौलाचं पत्र होतं. पण तुझ्या समोर बसलेल्या बायका विश्वासात येऊन किती दिवस झाले? त्यांच्या आज्या-पणज्यांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली आहे. बाहेरगावची सून, पोटी मूल नाही, दुसऱ्याच्या लेकराला मांडीवर घेते, आणि लेकरू आजारी पडतं. अशा बाईला आपल्या भागात काय म्हणतात ते मला लिहायला लावू नको.

मी नर्स होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा एका बाईला बैलगाडीतून आणलं होतं. टोनही म्हणून, करणी करते म्हणून, गावाने मारलेली. केस कापलेले, एक डोळा कायमचा गेला होता. मी तिच्या जखमा बांधत होते आणि ती सारखं एकच सांगत होती की पहिल्यांदा माझी जाऊ बोलली, बाकीचे नंतर बोलले. मारणाऱ्यांची नावं तिने घेतली नाहीत. जावेचं घेतलं.

तू गावाचा अधिपती शोधत शिवेवरून फिरत होतीस. तो तुझ्या जिभेवर बसून प्रार्थनाघरात आला, आणि तू त्याला आमेन म्हणालीस. मी कठोर बोलते आहे कारण मला भीती वाटते आहे.

उत्तर लिहीत बसू नको. तिच्या घरी जा. लोक बघत असताना जा.

तुलसा


आपलं गाव, पोस्ट सौंदड
१२ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र यायच्या आधीच सगळं झालं होतं. मला कळलं नव्हतं, कारण माझ्याशी कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. सगळे धरून चालले होते की मला माहीतच आहे.

धुरपताने नळावर सांगितलं की प्रेमिलाकाकीने पारखलं. तिथून ते किराणा दुकानात गेलं, मग गिरणीत. आता रुची नळावर आली की बायका आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून बाजूला होतात. लेकरांना आत बोलावतात. परवा तिच्या उंबऱ्यावर कोणीतरी लिंबू आणि शेंदूर टाकून गेलं. ओमेशला गिरणीत लोक म्हणाले की बायकोला काही दिवस माहेरी ठेव. धुरपताच्या घरचे झाडफूक करणाऱ्या बैगाला बोलवायचं म्हणत आहेत, तिला समोर बसवून विचारायला. म्हणजे मंडळीतल्याच धुरपताच्या घरचे, मावशी.

काल पोलीस पाटील भैय्यालाल माझ्याकडे आले. तुला आठवत असतील, आमच्या घराची भिंत पडली तेव्हा विटा देणारे. ओसरीवर बसले, चहा नको म्हणाले. मग शांतपणे बोलले, "बाई, मी तुमच्या देवाधर्मात कधी पडलो नाही. पन हे गोष्ट तुमच्या प्रार्थनेतून निघाली. तुमीच म्हनलं का तिच्यासंग काही आलं म्हनून. आता लोक म्हनतेत, त्यायचेच लोक म्हनून राहिले त खरंच असन. मी कोनाकोनाचं तोंड धरू?" ते उठताना म्हणाले की बैगा आला तर मी पोलिसांना कळवीन, पण पोलीस निघून गेल्यावर तिला याच गावात राहायचं आहे.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. खरंच गेले. दार उघडं होतं, ती आत भांडी आवरत होती, आणि भिंतीवर खिळ्याला तुझा तवा टांगलेला होता. तेल लावून पुसलेला, तू ठेवायचीस तसाच. तो बघितला आणि माझे पाय तिथेच थांबले. एवढं सगळं झाल्यावरही मला आधी तवाच दिसला. ती वळायच्या आत मी परत आले.

आणि आज सकाळी पास्टर आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "काकी, यंदा भाकर तुमीच करा. रुचीच्या हातची कोनी घेनार नाही. प्रभूच्या मेजासमोर तमाशा नको." मला जे हवं होतं ते मला मिळालं. गहू निवडलेला आहे, उद्या दळायला टाकते. मी हो म्हटलं. काय म्हणायला हवं होतं?

धुरपताच्या नातवाला गोंदियाला नेलं होतं. मलेरिया निघाला, तू म्हणालीस तसा. ताप उतरला आहे, पण आता कोणी मलेरियाचं नाव काढत नाही.

तुझी,
प्रेमिला


गोंदिया
१५ एप्रिल २०२५

प्रेमिला,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, साकोलीच्या बसच्या कंडक्टरला देते. तो सौंदडच्या थांब्यावर चहावाल्याकडे ठेवील. तिथून मागवून घे.

गुरुवारी भाकर तू केलीस तर गावाचा निकाल लागला. येशूची माणसंही तिच्या हातचं खात नाहीत, असा. मग बैगाची गरज उरणार नाही.

पास्टरांना तमाशाची भीती वाटते. वाटू दे. तुला काय वाटतं ते मला माहीत आहे, तू लिहिलंस आणि मी त्यासाठी तुझ्यावर जास्तच माया करते. हेवा जाईपर्यंत थांबू नको. तो इतक्यात जाणार नाही. तो असतानाच जा.

तव्याकडे बघू नको. पोरीकडे बघ.

तुझी मावशी


आपलं गाव, पोस्ट सौंदड
१९ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

चिठ्ठी बुधवारी दुपारी मिळाली. चहावाल्याने ती उघडून वाचली असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघत राहिला.

गुरुवारी सकाळी मी पिठाचा डबा घेऊन निघाले. नळावर बायका होत्या तेव्हाच निघाले, मुद्दाम. रुचीच्या घरात पेटी उघडी होती आणि ती साड्या भरत होती. ओमेश तिला दुपारच्या गाडीने डोंगरगडला सोडायला जाणार होता. मी डबा तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, कणीक मळ. तिने हातातली साडी पेटीत ठेवली. मग म्हणाली, "काकी, मोर हाथ के कोन खाही?"

मी म्हणाले, "मी."

तिला माझ्यावर विश्वास बसला नाही आणि मी तिला दोष देत नाही. मी चूल ओढून दाराच्या तोंडाशी आणली, म्हणजे रस्त्यावरून दिसेल अशी, आणि उंबऱ्यावरच बसले. तिने आधी एक लहानशी करून बघितली. ती मी तिथेच बसून खाल्ली, कोरडी, वरून तिच्या हातचं पाणी प्यायले. नळावरून परतणाऱ्या बायका थांबत होत्या, बघत होत्या आणि जात होत्या. आम्ही दोघी फारसं बोललो नाही. एकदा ती म्हणाली की आच जास्त झाली का, आणि मी म्हणाले की जरा कमी कर. तिची माफी मागायची होती ती मी तिथे मागितली. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं की त्या दिवशी मी तिचं नाव का घेतलं. मी खरं ते सांगितलं, की तू माझ्यापेक्षा चांगली गातेस. तिने मान हलवली आणि तवा पुसायला घेतला.

संध्याकाळी प्रार्थनाघर भरलं होतं. बाहेर भैय्यालाल पाटील आपल्या माणसांसोबत कडुलिंबाखाली उभे होते. पास्टरांना मी सकाळीच सांगून आले होते, ते घाबरलेले होते पण त्यांनी ऐकलं. त्यांनी भाकर मोडली आणि ताट रुचीच्या हातात दिलं. ती बायकांच्या रांगेत आली. पहिली नंदाबाई, तिने पदरात हात घेतले. दुसरीनेही तेच केलं. तिसरी धुरपता, ती नातवाला कुशीत घेऊन खाली बघत राहिली. रुची ताट पुढे धरून तिथेच उभी राहिली.

माझी जागा रांगेत शेवटी आहे, कारण इतकी वर्षं मी ताट घेऊन फिरत असे आणि शेवटी बसत असे. मी तिथून उठले आणि पुढे गेले. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले, "त्या बुधवारी मी जे म्हनलं, ते इच्यासंग नाही आलं. ते माह्याच घरचं होय. मी जळत होतो बाईवर. आनखी काही नव्हतं." आणि तिच्या ताटातला तुकडा उचलून खाल्ला.

मग धुरपताच्या नातवाने हात पुढे केला. लेकरू आहे, त्याला भूक लागली होती, प्रभुभोजन वगैरे त्याला काय कळतं. धुरपताने त्याचा हात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि एक तुकडा स्वतः घेतला. नंतर नंदाबाईने घेतला. सगळ्यांनी घेतला नाही, मावशी. मागच्या दोघी तशाच उठून गेल्या आणि त्या परत येतील की नाही मला माहीत नाही. लिंबू टाकणारं घरही अजून गावातच आहे. पण पेटी रिकामी झाली आणि ओमेश गिरणीत गेला.

भाकरीचं तुला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. ती मऊ होती. माझी इतकी मऊ कधी झाली नाही. तोंडात ठेवली तेव्हा आधी प्रभू आठवायला हवा होता, आणि मला आठवलं की ही माझ्यापेक्षा चांगली झाली. तव्यामुळे असेल असं मी मनाला सांगितलं. तव्यामुळे नाही. तिने कणीक भिजवून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती, ते मी बघत होते. मी इतकी वर्षं घाईघाईने लाटत आले.

उद्या ईस्टर. पहाटेच्या गाण्यात ती ढोलक वाजवणार आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे. मला आत्ताच कसंतरी होतं आहे. म्हणून हे पत्र आज टाकते आहे. माझ्यासाठी प्रार्थना कर. मोघम करू नको, माझं नाव घेऊन कर. मोठ्याने कर, शेजारच्या भाभींना ऐकू गेलं तरी चालेल.

तुझी,
प्रेमिला